साउंडबॉक्स घेऊन चोरबाजारात: मुंबईतले चार दिवस

बुधवार

महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरले तेव्हा पिशवीत सगळ्यात वर एक स्टीलचा डबा होता. डब्यात कापूस, कापसात मलमलचं फडकं आणि फडक्यात आजोबांच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स. मोठ्या कंदी पेढ्याएवढा चपटा गोल, निकल उडालेला. रात्रभर तो मी उशाशी घेऊन झोपले होते.

आमच्या मिरजेच्या घरात एचएमव्हीचा 101 नंबरचा ग्रामोफोन आहे. हे मॉडेल 1925 साली निघालं. त्याला बाहेर दिसणारा कर्णा नसतो. काळी पेटी, बाजूला चावी, झाकण उघडलं की आत तबकडी. आजोबांनी तो रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थाकडून जुनाच विकत घेतला होता. मी शाळेत असताना एक दिवस तो खरखरायला लागला, मग आवाज फाटायला लागला आणि मग आजोबांनी झाकण लावून वर भरतकामाचा रुमाल टाकला. ते गेल्यालाही आता बारा वर्षं झाली. या दिवाळीत आजीनं कपाट आवरताना ओडियन कंपनीच्या दोन तबकड्या काढून माझ्या हातात दिल्या. दोन्ही गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या. म्हणाली, "वाजतंय का बघ की एकदा."

वाजेना. चावी भरत होती, तबकडी नीट फिरत होती, म्हणजे स्प्रिंग शाबूत. बिघाड साउंडबॉक्समध्ये होता. सुई तबकडीच्या खाचेतून जाताना थरथरते, ती थरथर एका बारीक दांडीवाटे अभ्रकाच्या पातळ चकतीला पोचते आणि ती चकती हवा हलवते. विजेचा संबंध कुठंच नाही. आमच्या साउंडबॉक्समधल्या अभ्रकाला कडेपासून मधोमध चीर गेली होती. चकतीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारं रबर वाळून खडूसारखं झालं होतं. सतारमेकर गल्लीत एका ओळखीच्या कारागिरांना दाखवलं. त्यांनी उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "तारेचं दुखणं आम्हाला कळतं. अभ्रकाचं मुंबईत विचार. चोरबाजारात."

म्हणून आले होते. चार दिवस, मुक्काम गिरगावात मावशीकडं. जुना बाजार बघायचा होता, जुनी दुकानं आणि इराणी हॉटेलं बघायची होती, पण सगळ्यात आधी या डब्याची सोय लावायची होती.

स्टेशनवरून धोबीतलावापर्यंत चालतच गेले. मेट्रो सिनेमासमोर जेर महाल नावाची जुनी इमारत आहे, तिच्यात कयानी अँड कंपनी, 1904 सालची. आत शिरताच डावीउजवीकडं न बघता आधी वर बघावं अशी ती जागा आहे. उंच छत, लाकडी कठडा, सावकाश फिरणारे पंखे. टेबलांवर चौकडीचं कापड, वर काच. खुर्च्या वाकवलेल्या लाकडाच्या, पाठीला दोन कमानी एकात एक. मी ब्रून मस्का आणि चहा सांगितला. ब्रून म्हणजे वरून कडक पाव. तो चहात बुडवून खायचा, नाहीतर टाळूला टोचतो. बन मऊ असतो, तो गोडसर. शेजारच्या टेबलावरचे आजोबा पेपर वाचता वाचता न बघता ब्रून बुडवत होते आणि एकही थेंब पेपरवर पडत नव्हता.

इराणी हॉटेलं रस्त्यांच्या नाक्यावर का, याची एक गोष्ट मुंबईत सगळेच सांगतात. कोपऱ्याची जागा इथल्या व्यापाऱ्यांना अशुभ वाटायची, ती इराणहून आलेल्या झोरास्ट्रियन मंडळींनी घेतली आणि दोन्ही रस्त्यांवरचं गिऱ्हाईक मिळवलं. मला त्या हॉटेलांमधलं फर्निचर जास्त महत्त्वाचं वाटलं. शंभर वर्षं माणसं ज्या खुर्चीवर बसत आली आहेत, ती खुर्ची अजून कुरकुरत नाही. कारण कोणीतरी तिचे स्क्रू वेळच्या वेळी आवळत आलं आहे. बिल देताना गल्ल्यावर विचारलं, खुर्च्या कोण दुरुस्त करतं? "आहे एक सुतार," एवढंच उत्तर मिळालं. पुढच्या गिऱ्हाइकाला खारी हवी होती.

त्याच इमारतीत फुर्टाडोज हे वाद्यांचं दुकान आहे, 1865 पासूनचं. पियानो, गिटार, स्वरलिपीची पुस्तकं. माझ्या डब्याचं तिथं काम नव्हतं, पण काचेतून व्हायोलिनं बघत दहा मिनिटं उभी राहिले.

दुपारी मावशीच्या चाळीत. संध्याकाळी तिनं मला खोताच्या वाडीत फिरवून आणलं. लाकडी जिने आणि नक्षीच्या कठड्यांची ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांची घरं, दोन माणसं जेमतेम समोरासमोर जातील एवढी गल्ली, आणि मान वर केली की मागं टॉवर. मग विनय हेल्थ होममध्ये मिसळ खाल्ली. मी कोल्हापूरकडची, त्यामुळं मिसळीबद्दल इथं काही लिहीत नाही. मावशीला ती फार आवडते.

गुरुवार

"शुक्रवारी दुकानं बंद असतात, त्यामुळं आजच जा. अकराच्या आत जाऊ नकोस, शटर उघडलेली नसतात," मावशीनं सकाळीच बजावलं. तिचा मुलगा, माझा मावसभाऊ, कामावर गेला होता. मी एकटीच निघाले. सी. पी. टँक, मग गोल देऊळ, मग मटण स्ट्रीट. चोरबाजार म्हणतात तो मुख्यतः हा रस्ता आणि त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्या.

नावाबद्दल दोन गोष्टी ऐकायला मिळतात. मूळ शब्द 'शोर बाजार', गलक्याचा बाजार, आणि साहेबाच्या जिभेनं त्याचं चोर केलं, ही एक. दुसरी व्हिक्टोरिया राणीच्या हरवलेल्या व्हायोलिनची, जे म्हणे याच बाजारात सापडलं. दुसरी गोष्ट सांगणारा प्रत्येक जण ती वेगळी सांगतो.

पहिल्या दुकानापाशीच पाय थबकले. झुंबरं, हंड्या, रंगीत काचेचे दिवे छतापासून इतके खाली आले होते की वाकून आत जावं लागलं. पुढच्या दुकानात जहाजाचं सामान: पितळी कंदील, गोल खिडक्या, होकायंत्रं, केबिनमधली घड्याळं. मुंबईत दारूखान्याला जहाजं तोडतात, गुजरातेत अलंगला तोडतात, तिथून हा माल येतो. पितळी दिव्यावर हात ठेवला तर तो इतका जड की दोन्ही हात लावावे लागले. त्याच्या पुढं सिनेमाची पोस्टरं, लॉबी कार्डं, ढिगानं. त्याच्या पुढं एनॅमलच्या जाहिरातपाट्या, बॅकेलाइटची काळी बटणं, चिनी मातीचे गोल स्विच, अ‍ॅग्फा क्लिकचे डबा कॅमेरे. हा कॅमेरा भारतात बनायचा, आमच्या घरातले लग्नाचे निम्मे फोटो त्याच्यावरचे आहेत. एका दुकानात राजा रविवर्म्याची छापील लक्ष्मी होती, साडीवर खरी जर आणि टिकल्या चिकटवलेली. अशी चित्रं घराघरांतल्या बायका घरी बसून सजवायच्या. तो छापखाना 1894 साली सुरू झाला तो गिरगावातच, मावशीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि नंतर मळवलीला गेला. लक्ष्मीच्या हातातली कमळं वाळवीनं खाल्ली होती, जर मात्र तशीच चकाकत होती.

आणि ग्रामोफोन! इतके ग्रामोफोन मी आयुष्यात पाहिले नव्हते. प्रत्येक तिसऱ्या दुकानात पितळेचा मोठा फुलासारखा कर्णा, खाली अष्टकोनी किंवा चौकोनी लाकडी पेटी, पेटीवर कुत्र्याचं चित्र. पहिल्या दुकानदारानं साडेसात हजार सांगितले, दुसऱ्यानं सहा. मी डबा उघडून दाखवला तसा एकानं खणातून नवाकोरा साउंडबॉक्स काढला. "ओरिजिनल. पंधराशे."

हातात घेतला. हलका. कडा ओबडधोबड. आतली चकती अभ्रकाची नव्हती, कसल्याशा पत्र्याची होती. माझ्या साउंडबॉक्सची मागची खोबण आणि याची खोबण वेगळी. मी नको म्हटल्यावर तो बाराशेवर आला, मग नऊशेवर. मी डबा बंद केला.

या पितळी कर्ण्याच्या ग्रामोफोनांबद्दल थोडं सविस्तर लिहिते. मिरजेत दोघा ओळखीच्यांनी ते हौसेनं आणलेत आणि नंतर हळहळलेत. हे बहुतेक अलीकडं जुळवलेले असतात. कर्णा आणि पेटी नवी, मोटर कुठल्यातरी मोडक्या पेटी-ग्रामोफोनमधून काढलेली, कुत्र्याची पट्टी वरून ठोकलेली. ओळखायचं कसं? कर्णा आणि साउंडबॉक्स यांना जोडणारी नळी बघा. जुन्या यंत्रात ती सुईकडं हळूहळू निमुळती होत जाते. जुळवलेल्यात ती नळाच्या पाइपासारखी सरळ आणि कोपऱ्यात वाकवलेली दिसते. पेटीचं आतलं लाकूड बघा, स्क्रू बघा, खिळे बघा. आणि सगळ्यात सोपं म्हणजे वाजवून दाखवा म्हणा. जड, बोथट साउंडबॉक्स तबकडी कोरून काढतो. दिवाणखान्यात शोभेला ठेवायचा असेल तर प्रश्न नाही. आजोबांची तबकडी त्याच्यावर लावायची असेल तर मात्र घेऊ नये.

दोन वाजेपर्यंत अशी नऊ दुकानं झाली. दहावं दुकान दुकान म्हणावं असं नव्हतंच. जिन्याखालची जागा, शटरची रुंदी माझ्या दोन हातांएवढी. आत एक वयस्क गृहस्थ, डोळ्याला घड्याळजीची भिंग लावून, एका टाइमपीसचं पोट उघडून बसलेले. मागच्या फळीवर मोटरी, चाव्या, नळ्या, आणि बरण्यांत स्प्रिंगा. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "बेचते नहीं, रिपेरिंग करते हैं."

"मला तेच पाहिजे, चाचा."

डबा पुढं केला. त्यांनी फडकं सोडलं, साउंडबॉक्स कानाशी नेला आणि नखानं सुईच्या खाचेवर टिचकी मारली. मग परत एकदा. "नंबर चार है. मायका गया, रबर गया. बॉडी अच्छी है." 101 ला नंबर चारचा साउंडबॉक्स असायचा, हे मी घरी वाचलं होतं. त्यांना ते टिचकीवरून कळलं.

मायका, म्हणजे अभ्रकाची चकती, त्यांच्याकडं नव्हती. होती ती गेल्या महिन्यात संपली. नवीन कापून देणारे पूर्वी होते, आता राहिले नाहीत. "कल जुमा है. फजर के टाइम रस्ते पे माल लगता है. टूटा हुआ साउंडबॉक्स मिले, कुछ भी हालत में, अंदर का मायका साबूत देखना. ले आना. शनिवार को बिठा दूँगा." मग सुटा कागद घेऊन त्यावर त्यांनी चकतीचा आकार पेन्सिलीनं काढून दिला. आमचा साउंडबॉक्स तिथंच ठेवावा की न्यावा, माझ्या मनात आलं तेवढ्यात त्यांनीच तो फडक्यात बांधून माझ्या हातात ठेवला. "ये साथ रखो. नाप के लिए."

मी तिथल्या स्टुलावर टेकले होते. उठताना लक्षात आलं, ते स्टूल नव्हतं. पाठ तुटलेली वाकवलेल्या लाकडाची खुर्ची होती, कालच्या कयानीतल्यासारखी. विचारलं तर म्हणाले, बंद पडलेल्या एका इराणी हॉटेलातून आली. हॉटेल बंद झालं की खुर्च्या आणि संगमरवराची टेबलं इथं येतात. चांगल्या असतील त्या विकल्या जातात, सिनेमावाले सेटसाठी नेतात, नवी कॅफे नेतात. पाठ तुटलेल्या राहतात. आदल्या सकाळी गल्ल्यावरच्या माणसानं ज्या सुताराचा उल्लेख केला तो नसता तर ती खुर्चीही इथंच आली असती.

परतताना भेंडीबाजारातून मोहम्मद अली रोडकडं आले. इथं पुनर्विकासाचं मोठं काम चाललंय. साडेसोळा एकर, सुमारे अडीचशे जुन्या इमारती. काही टॉवर उभे राहिलेत, त्यांच्या शेजारी लाकडी सज्जांच्या इमारती रिकाम्या दिसतात. गळक्या, टेकू दिलेल्या खोल्यांत पिढ्या काढलेल्या माणसांना धड घर मिळावं यात दुमत असायचं कारण नाही. मला मात्र उभ्या उभ्या गाण्याचं भेंडीबाजार घराणं आठवत होतं. छज्जू खाँ, नझीर खाँ, खादिम हुसेन खाँ हे तिघे भाऊ एकोणिसाव्या शतकात मुरादाबादकडून येऊन इथं राहिले, आणि घराण्याला गावाचं नाव न मिळता बाजाराचं मिळालं. नझीर खाँकडं अंजनीबाई मालपेकर शिकल्या. छज्जू खाँचे चिरंजीव अमान अली खाँ यांच्याकडं लता मंगेशकर काही काळ शिकल्या. आमचे किराणा घराण्याचे करीम खाँसाहेब कैरान्याहून निघून शेवटी मिरजेत स्थिरावले आणि 1937 साली गेल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले. दोन घराणी, दोन्हींची मूळ गावं दूर उत्तरेत, आणि दोन्ही आमच्या महाराष्ट्रात रुजलेली. हॉर्नच्या गलक्यात हे सगळं आठवत मी रस्ता ओलांडला.

शुक्रवार

पहाटे साडेचारला मावसभावानं उठवलं. एकटीला जाऊ देणार नाही, असं मावशीचं फर्मान होतं, आणि ते योग्यच होतं. अंधार होता. टॅक्सीवाल्याला 'चोरबाजार' म्हटल्यावर तो म्हणाला, "जुमा?"

कालचा रस्ता ओळखू येईना. सगळी शटरं खाली, आणि त्यांच्यासमोर ताडपत्र्या, चादरी, पोती पसरून दोन्ही बाजूंनी पथारीवाले. लोक मोबाइलच्या उजेडात माल बघत होते. एका चादरीवर नुसते रिमोट. एकीवर चपला-बूट, त्यातले काही एकेकटे. पाने, पकडी, ड्रिलची टोकं, पंख्यांची पाती, मिक्सरची भांडी, शाळेतली ट्रॉफी, कोणाच्या तरी लग्नाचा अल्बम. अल्बम मी उघडला नाही. हा माल भंगारवाल्यांकडून येतो, रिकाम्या होणाऱ्या घरांमधून येतो. गुरुवारी दुकानांत जे मांडलेलं पाहिलं, त्यातलं बरंच अशाच पहाटे पोत्यातून आलेलं असणार. कालचे दोन दुकानदार इथं गिऱ्हाईक म्हणून वाकून माल निवडताना दिसले.

इथं घासाघीस फार चालत नाही, वेळच नसतो. विक्रेता किंमत बोलतो, आपण निम्मी बोलतो, तो वस्तू दुसऱ्याच्या हातात देतो. तासभर आम्ही पायांखाली बघत फिरलो. एका ठिकाणी ग्रामोफोनची चावी, एका ठिकाणी फुटक्या तबकड्यांचा गठ्ठा. लाखेच्या तबकड्या ठिसूळ असतात, हातातून पडली की संपली. वरच्या तुकड्यावर बालगंधर्वांचं नाव दिसलं. तुकडे जुळवून बघितले, चौथा तुकडा नव्हता.

पावणेसहाच्या सुमाराला भावानं हाक मारली. एका म्हाताऱ्या बाईंच्या पोत्यावर कुलुपं, नळाच्या तोट्या, शिवणयंत्राचे बॉबिन आणि त्यांच्यात एक काळपट गोल डबी. डबी नव्हती ती. साउंडबॉक्स होता. मागची बाजू तडकून गेलेली, सुई धरायचा स्क्रू गायब. मोबाइलचा उजेड तिरका टाकला. आत चकती होती, स्वच्छ, पाण्यासारखी, कुठंही चीर नाही. कडेला अभ्रकाचे पापुद्रे किंचित सुटल्यासारखे दिसले, मधे काही नाही. चाचांचा कागद काढून आकार लावला. बसला.

"कितने का, मावशी?" मी म्हटलं. गडबडीत हिंदी आणि मराठी एक झालं.

"मराठीतच बोल की गं," त्या म्हणाल्या. "अडीचशे दे. भवानी आहे."

मी अडीचशे दिले. भवानीच्या वेळी मोडता घालू नये, हे आईनं शिकवलंय. त्यांनी नोट कपाळाला लावली आणि पोत्याच्या कोपऱ्यातून एक पत्र्याची चपटी डबी काढून माझ्या हातावर ठेवली. त्यावरचं कुत्र्याचं चित्र घासून निम्मं गेलेलं. आत सुया. "ह्यापण त्याच्याच असतील. ने."

शंभर तरी असतील. पोलादाच्या, थोड्याशा गंजलेल्या, टोकं धड. ही पोलादी सुई एका बाजूलाच वापरायची असते. तबकडीत लाखेबरोबर दगडाची बारीक भुकटी असते, ती सुईला घासून खाचेच्या आकाराची करते, आणि तीन मिनिटांची ती बाजू संपेपर्यंत सुई झिजून धारदार होते. तीच परत लावली तर ती तबकडी कापते. म्हणून दर बाजूला नवी सुई. आजोबांच्या पेटीत नव्या सुयांची एक वाटी असायची आणि वापरलेल्यांची दुसरी.

उजाडल्यावर बाजार भराभर विरला. आम्ही ग्रँट रोडला चहा प्यायलो, घरी जाऊन झोपलो. दुपारी भावानं बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानियात जेवायला नेलं. गोदीची जमीन भरून काढल्यावर पोर्ट ट्रस्टनं वसवलेला हा भाग, जॉर्ज विटेटनं आखलेला. रस्ते रुंद, झाडं, शांतता. पहाटेच्या त्या रस्त्यानंतर हे सगळं फार दूरचं वाटलं. ब्रिटानिया 1923 सालचं. बेरी पुलावातल्या आंबट लाल बेरी इराणी असतात, झरश्क म्हणतात त्यांना. तिथल्या पोपडे उडालेल्या उंच भिंती कोणी रंगवू नयेत असं मला मनापासून वाटलं.

शनिवार

परतीची गाडी रात्रीची. चाचांचं दुकान दुपारी उघडणार होतं, म्हणून सकाळ फोर्टात घालवली.

फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग अजून आहेत. मराठी मात्र फार थोडी. तिथून काळा घोडा. वाटेत वॉटसन हॉटेलची इमारत. इंग्लंडात ओतलेल्या लोखंडाचा सांगाडा इथं आणून उभा केलेला. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा इथंच दाखवली गेली. आता ती जाळ्या आणि टेकूंच्या मागं आहे. वर बघून मान दुखेपर्यंत तिथं उभी राहिले.

रीगल सिनेमासमोर फिलिप्स अँटिक्स, 1860 पासूनचं. इथं जुने नकाशे आणि छापील चित्रं बघत तास कसा गेला कळलं नाही. मुंबई सात बेटांची असतानाचा एक नकाशा होता. मी गिरगाव शोधत होते, तर दुकानातल्या बाईंनी न विचारता भिंग आणून दिलं. चोरबाजारातल्यासारखी इथं घासाघीस नाही, वस्तू काय आहे आणि काय नाही ते स्पष्ट सांगतात. विकत घेण्यासारखं माझ्या आवाक्यात एक छोटं छापील चित्र होतं, तेही मी घेतलं नाही. पैसे राखून ठेवले होते.

काळा घोड्याच्या मागच्या गल्ल्यांत छोटी दुकानं आणि कॅफे दाटीनं आहेत: ठशांच्या छपाईचं कापड, हातानं बांधलेल्या वह्या, मातीची भांडी. एका कॅफेत कॉफी प्यायले. कॉफी उत्तम होती. कोपऱ्यात पेटीचा ग्रामोफोन मांडलेला, खरा, माझ्या घरच्यासारखाच. तबकडीच्या जागी मनीप्लँटची कुंडी. कुंडीचं पाणी झिरपून खालच्या हिरव्या कापडाला बुरशी आली होती. मी वाढणाऱ्या मुलाला हळूच म्हटलं, कुंडी बाजूला ठेवाल का, आतली मोटर गंजेल. त्यानं लगेच उचलली. आम्ही दोघांनी मिळून झाकण लावलं. चावी फिरवून बघायचा मोह झाला, पण ती चावीच तिथं नव्हती.

तीन वाजता चाचांकडं. त्यांनी पोत्यातला साउंडबॉक्स बघितला आणि पहिल्यांदा हसले. "किधर मिला?" मी सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

पुढचा सव्वा तास मी श्वास आवरून बसले होते. जुन्या साउंडबॉक्सचे तीन स्क्रू तेल घालून सोडवले. चकती काढली, पेट्रोलच्या बोळ्यानं पुसली, दिव्यासमोर धरून फिरवली. आमच्या साउंडबॉक्समधलं खडूसारखं रबर टोकदार काडीनं खरवडून काढलं. नव्या रबरासाठी त्यांनी खणातून काढली सायकलची वॉल ट्यूब. हवेच्या वॉलवर चढवतात ती बारीक नळी. तिचे दोन तुकडे बरोबर परिघाएवढे कापले, टोकाला टोक भिडेल असे. एक खाली, मग चकती, मग दुसरा वर. मग सुईची दांडी चकतीच्या मधोमध बारक्या स्क्रूनं जोडली. इथं त्यांनी सगळ्यात जास्त वेळ घेतला. दांडीनं चकतीला ओढताही कामा नये आणि ढकलताही कामा नये, नुसतं टेकलं पाहिजे. पाव आटा इकडं, पाव आटा तिकडं, दर वेळी कानाशी नेऊन टिचकी. शेवटी मेणाचा कण तापल्या तारेनं स्क्रूवर सोडला. ते मेण सांधा हवाबंद करतं.

फळीवरच्या मोटरीवर त्यांनी एक तबकडी चढवली. साउंडबॉक्स बसवला, माझ्या डबीतली सुई लावली. हार्मोनियम, मग एका बाईंचा आवाज, नाव शेवटपर्यंत कळलं नाही, लेबल झिजलं होतं. जिन्यावरून उतरणारी दोन मुलं थांबली. समोरच्या गॅरेजमधला हातोडा थांबला की मला ऐकू येईनासा झाला, सांगता येत नाही. तीन मिनिटांनी चाचांनी हात पुढं करून दांडी उचलली.

"रबर पाँच-सात साल चलेगा. फिर बदलना. कोई भी साइकिलवाला देगा." मग बोट उगारून, "सुई हर साइड पे नयी. भूलना नहीं."

तीनशे रुपये घेतले. मी जास्त देऊ केले ते त्यांनी परत केले. निघताना त्या पाठ तुटलेल्या खुर्चीबद्दल विचारलं, दुरुस्त का नाही करत? "लकडी का काम मेरा नहीं," म्हणाले, आणि टाइमपीस पुढं ओढला.

रविवार, मिरज

गाडी सकाळी पोचली. आजी आंघोळ करून, केस विंचरून, ग्रामोफोनवरचा रुमाल घडी घालून मांडीवर घेऊन बसली होती. मी चावी भरली. खाँसाहेबांची तबकडी कापडानं पुसली. सुई लावली.

सुरुवातीला खरखर. मग त्या खरखरीच्या आतून आवाज आला, बारीक, लांब, सरळ. आजीनं डोळे मिटले नाहीत, ती फिरणाऱ्या लेबलकडं बघत राहिली. बाबा आतून आले आणि दारातच उभे राहिले. कोणी काही बोललं नाही. बाजू संपली, मी दांडी उचलली, तबकडी उलटी केली आणि चावी भरायला वळले.

"सुई," आजी म्हणाली. तिनं तळहात पुढं केला होता. "ती दे हिकडं आधी. पोरांच्या पायात जाती. नवी लाव."